आठ दिवसांपूर्वीचे पट्टे

“आणखी दोन पाट्या टाका रे, हात आखडू नका!” मी ओरडलो, आणि पोरांनी गरम डांबर-खडीच्या आणखी दोन पाट्या भर रस्त्यात उपड्या केल्या.

मी म्हणजे तेव्हाचा मधू नलवडे. वय सत्तावीस, एम.ए., बी.एड., शिक्षकाच्या नोकरीची ऑर्डर नुकतीच हातात पडलेली, आणि गावच्या नवजागृती तरुण मंडळाचा अध्यक्ष. साल दोन हजार तीन. आमच्या खडकतळ्याच्या पोटातून बार्शीकडं जाणारा मोठा रस्ता आहे. दोन महिन्यांपूर्वी त्या रस्त्यावर एका सुसाट मोटारसायकलनं गवळ्याच्या भीमाआज्याला उडवलं होतं. म्हाताऱ्याचा खुबा गेला. गतिरोधक द्या म्हणून आम्ही तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. मग मीच मंडळाच्या बैठकीत छाती पुढं काढून म्हणालो, “गाव करील ते राव काय करील!” पलीकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला गोड बोलून उरलासुरला माल मागून घेतला आणि एका दुपारी आमचा स्वतःचा गतिरोधक उभा केला. उभा केला हेच बरोबर आहे. वीतभर उंच होता, आणि दोन्ही अंगांनी तुटल्यासारखा सरळ.

सोपाननाना पुलाच्या कठड्यावर बसून हे सगळं बघत होते. नाना बांधकाम खात्यात मैलकुली होते. तीस वर्षं त्यांनी त्याच रस्त्याचे खड्डे बुजवले होते.

“मधू, लेका, ह्यो गतिरोधक न्हवं. बांध घातलायस तू रस्त्याला,” नाना म्हणाले. “जरा पसरट कर. चढ दे, उतार दे. गाडी चढली पायजे, आपटली न्हाय पायजे.”

“नाना, आपटल्याशिवाय लोक हळू जात नाहीत.”

“बरं बाबा, तू शिकलेला. पन आज सांजच्या आत पांढरा रंग तेवढा मार त्येच्यावर. काळ्या रस्त्यावर काळा उंचवटा म्हंजी उलटा खड्डाच की. दिसायचा कुनाला?”

“रंग आणलाय. घरात आहे. मारू सावकाश.”

“सावकाश?”

“नाना, तुमच्या खात्यानं तीन अर्जांना सावकाशसुद्धा उत्तर दिलं नाही,” मी म्हणालो, आणि पोरं फिदीफिदी हसली. नाना उठून गेले.

रंग खरंच आणला होता. चार लिटरचा डबा, वर नवा ब्रश. पण घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच ठिकाणी. मला नुसते पट्टे नको होते, फलकही हवा होता. वर ‘सावधान, पुढे गतिरोधक आहे’ आणि खाली ‘सौजन्य : नवजागृती तरुण मंडळ, अध्यक्ष मधुकर नलवडे, एम.ए., बी.एड.’ बार्शीचा पेंटर लग्नसराईत अडकलेला. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी देतो. त्याला धरून मी रविवारी जिल्हा परिषदेच्या सदस्यांना नारळ फोडायला बोलावलं होतं. पट्टे, फलक, नारळ आणि पेपरात फोटो, सगळं एकदम. आधी पट्टे मारून ठेवले असते तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण मग उद्घाटन कशाचं करायचं, असा माझा तेव्हाचा हिशेब.

मधल्या आठ दिवसांत एक दूधवाला पडला. त्याचे दोन्ही कॅन सांडले आणि गावच्या कुत्र्यांची चंगळ झाली. एका गवंड्याची बायको मागच्या मागं घसरली, तिचं कोपर फुटलं. पारावरची पोरं ओरडायची, “विकेट पडली!” पाच दिवसांत चार विकेट झाल्या होत्या. मीही हसलो होतो. हे सांगायला जीभ जड होते, पण हसलो होतो.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, उन्हं नुकती वर येत होती. आमचं घर रस्त्याला लागूनच. ओट्यावर बसून मी दात घासत होतो. पश्चिमेकडून एक मोटारसायकल आली. गाडी जोरात होती असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. नव्हती. माझ्यासमोरून गेली तेव्हा मागच्या बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजता आल्या असत्या. चालवणाऱ्याच्या डोक्यावर भलंमोठं लाल हेल्मेट होतं. तेव्हा आमच्याकडं हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे गंमतच. मला हसूही आलं. बाई दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसलेली, मांडीवर चार वर्षांची पोर, खांद्याला कापडी पिशवी. दोन्ही हात पोरीभोवती. धरायला हात उरलाच नव्हता.

पुढचं चाक उडालं. मग मागचं उडालं. बाई वर गेली आणि पाठीवर पडली. पोरीला तिनं सोडलं नाही. आवाज कसा झाला ते मी सांगत नाही.

तोंडात फेस तसाच घेऊन मी धावलो. पोर आईच्या छातीवर होती, कोपराला खरचटलं होतं तेवढंच. ती रडतसुद्धा नव्हती. बाईच्या डोक्याखालची डांबराची जागा ओली होत चालली होती. तो माणूस वीस पावलं पुढं गेला, मग गाडी हलकी लागली म्हणून मागं वळून बघितलं असावं. गाडी तिथंच आडवी टाकून तो पळत आला. हेल्मेट डोक्यावर तसंच.

“मंदा! अगं मंदा! मंदा, बघ की माझ्याकडं!” मग तो माझ्याकडं वळला. “अहो, काय होतं ते मधे? मला काहीच दिसलं नाही. काय होतं?”

मी घराकडं पळालो. घरातून तांब्या आणला आणि बाईच्या ओठांना पाणी लावलं. पाणी गालावरून खाली गेलं.

गावातल्या जीपमधून त्यांना बार्शीला पाठवलं. साडेनऊला एसटीडी बूथवर फोन आला, बाई गेली. माणसाचं नाव रघुनाथ बारटक्के, शिंपी, राहणार पलीकडच्या तालुक्यातल्या एका गावचा. मेहुण्याच्या लग्नाला चालले होते. पिशवीत नवरीचे ब्लाऊज होते, त्यानंच शिवलेले. पोलीस दुपारी पंचनाम्याला येणार होते.

सरपंच दत्तूअण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले. तंबाखू मळता मळता म्हणाले, “मधू, गतिरोधकाला परवानगी कुनाची हाय?”

“कुणाची नाही, अण्णा.”

“मंडळाचा अध्यक्ष कोन?”

“मीच.”

“बेकायदा अडथळा, वर रंग न्हाई, आन् मानूस मेलेलं. तुज्या नोकरीची ऑर्डर आलीया म्हनं?” त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. “बघ बाबा तुजं तू.” एवढं बोलून ते उठले.

पुढं जे झालं ते मला कुणी सुचवलं नाही. अण्णांनी सुचवलं नाही, पोरांनी सुचवलं नाही. माझं मलाच सुचलं. मी घरात गेलो, रंगाचा डबा घेतला, रॉकेलची बाटली घेतली, आणि दिवसाढवळ्या भर रस्त्यात उकिडवा बसून पट्टे मारायला लागलो.

अख्खं गाव बघत होतं. हॉटेलातले लोक बाकावरून बघत होते, बाया दारातून बघत होत्या. बाईचं रक्त पडलं होतं त्यावर कुणीतरी माती टाकली होती, तिथून चार पावलांवर माझा ब्रश चालला होता. रंग लवकर वाळावा म्हणून मी त्यात रॉकेल ओतलं. साडेअकराला हात लावून पाहिला तर अजून चिकट. मग ओंजळीनं फुफाटा आणून वर भुरभुरला. पट्टे कोरे करकरीत दिसू नयेत म्हणून मंडळातल्या बाळूला त्याचा ट्रॅक्टर काढायला लावला, आणि चिखलाच्या टायरांनी तीनदा त्यावरून नेला. बाळूनं का म्हणून विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. पारावरची पोरंसुद्धा चिडीचूप.

सोपाननाना तेवढे जवळ आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या त्या टोकाकडं बघितलं, मग पट्ट्यांकडं.

“आता दिसतोय,” ते म्हणाले. “लांबनं दिसतोय बघ.”

मी ब्रश रॉकेलात धुवायला घेतला.

दीडला हवालदार आले. घामाघूम. त्यांनी पावलांनी अंतरं मोजली, टिपणं केली आणि गतिरोधकापाशी थांबले.

“हे पट्टे कधीचे?”

“आठ दिवस झाले,” मी म्हणालो.

त्यांनी गोळा झालेल्या लोकांकडं बघितलं. “व्हय का हो?”

पंचवीस-तीस माणसं असतील. माना हलल्या. नाना घोळक्यात नव्हते, कधी निघून गेले ते मी पाहिलं नाही. हवालदारांनी लिहिलं, ‘गतिरोधकावर ठळक पांढरे पट्टे असून ते सुमारे आठ दिवसांपूर्वी मारल्याचे समजते.’ मग म्हणाले, “पंच म्हणून एक शिकलेला माणूस द्या, नाव नीट लिहिणारा.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सही केली. चांगली वळणदार, नोकरीच्या कागदांवर केली होती तशी.

रविवारचं उद्घाटन अर्थात झालं नाही. पेंटरनं फलक आणून दिला, तो मी माळ्यावर टाकला.

सतरा-अठरा दिवसांनी सकाळच्या एसटीतून एक माणूस उतरला. डोक्याचा गोटा केलेला, वर टोपी. मी ओळखलं नाही. तो गतिरोधकापाशी गेला, तिथून मागं शंभर पावलं चालत गेला, वळला आणि पट्ट्यांकडं बघत सावकाश चालत आला. पुन्हा मागं गेला, पुन्हा आला. असं तीनदा केल्यावर तो आमच्या ओट्याकडं वळला.

“ओळखलंत का? मी बारटक्के.”

“या, बसा.”

आईनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“तुम्ही पहिल्यांदा धावत आलात,” ते म्हणाले. “तिच्या ओठांना पाणी तुम्ही लावलंत. शेवटचं पाणी तुमच्या हातचं. म्हणून तुमच्याकडंच आलो. माझ्यावर केस झाली आहे, बेदरकार गाडी चालवली म्हणून. वकील म्हणतात, गतिरोधकावर पट्टे नव्हते असं म्हणा, केस सुटेल. सासरची माणसं म्हणतात, तूच मारलंस तिला. पोर त्यांनी नेली. मला केसचं काही नाही हो. मला फक्त खरं काय ते कळलं पाहिजे. मला पट्टे आठवत नाहीत. डोळे मिटले की नुसता काळा रस्ता दिसतो. आज येऊन बघितलं तर पट्टे दिसतायत, तेही लांबून.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. “मी सावकाश चालवणारा माणूस. आयुष्यभर कापड इंचाइंचानं मोजून कापलं. मला एवढे मोठे पट्टे दिसू नयेत? तुम्ही देवासारखे आहात मला. सांगा, त्या दिवशी पट्टे होते का?”

आई दारात उभी होती. मला तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता.

मी काय काय विचार केला, हे सांगण्यात अर्थ नाही. शाळेत रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. पंचनाम्यावर माझी सही होती. पण हे सगळं नंतर जुळवलेलं. त्या क्षणी मी नुसता भ्यालो.

“होते,” मी म्हणालो.

मला वाटलं, काहीतरी बरं बोलावं. म्हणून मी वर आणखी म्हणालो, “सकाळची उन्हं तिथं नेमकी डोळ्यांवर येतात. होतं असं कुणाचंही.”

“हं. म्हणजे मलाच दिसले नाहीत.” त्यांनी मान हलवली. “मी हेल्मेट घातलं होतं बघा. तिच्यासाठी नव्हतं घेतलं. मागं बसणाऱ्याला कशाला, असं वाटलं. माझं डोकं सांभाळलं आणि तिचं...” ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठून त्यांनी मला चक्क हात जोडले. “तुम्ही खरं सांगितलंत. उपकार झाले. बाकीचे मन राखायला काहीही बोलतात.”

ते गेल्यावर आई बाहेर आली. तांब्या उचलला, त्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतायला म्हणून गेली आणि तिथंच उभी राहिली.

“त्या मानसानं माझ्या हातचं पानी पिलं रे मधू,” ती म्हणाली.

आई पुढं अकरा वर्षं जगली. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. रागावून बोल, शिव्या दे, असं मी मनात म्हणायचो. तिनं दिल्या नाहीत.

नंतर कानावर आलं की बारटक्क्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. वकील नको म्हणाले. तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती भोगली. मी तेव्हा नववी ‘ब’ला नागरिकशास्त्र शिकवत होतो.

आणि मग एकवीस वर्षं गेली. माणूस निर्ढावतो हो. बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली. खडकतळ्याहून साठ किलोमीटरवरच्या एका शाळेत मुख्याध्यापक झालो. कधी कधी चार-चार महिने मला ती सकाळ आठवायची नाही. मग एखादी बाई मोटारसायकलवर एका अंगानं बसलेली दिसायची, आणि मी नजर फिरवायचो.

गेल्या जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम शाळेत ठेवला होता. आमचे जाधव सर म्हणाले, “सर, एक काका आहेत. शाळाशाळांतून फिरतात, स्वतःच्या खर्चानं. मोटारसायकलच्या अपघातावर असं बोलतात की मुलं गप्प होतात. बोलावू?”

“बोलवा की.”

नाव विचारायचं मला सुचलं नाही. सकाळी दहाच्या एसटीतून काका उतरले, हातात पिशवी, पिशवीत दोन हेल्मेटं. शिपायानं त्यांना माझ्या ऑफिसात आणलं. केस पिकलेले, पाठ वाकलेली. त्यांनी नाव सांगितलं, रघुनाथ बारटक्के. त्यांनी मला ओळखल्याचं काही दाखवलं नाही.

कार्यक्रमात त्यांना हार मी घातला. मुख्याध्यापक मीच ना.

ते माइकसमोर उभे राहिले. भाषण असं काही नव्हतंच.

“मुलांनो, हे हेल्मेट माझं. हे दुसरं, हे मी माझ्या बायकोसाठी घेतलं. पण ती गेल्यावर घेतलं,” त्यांनी सातशे मुलांपुढं सुरुवात केली. “घरी दोन डोकी असतील तर दोन हेल्मेटं घ्यायची. तुमची आई मागं बसते ना? तिला सांगा, दोन्ही बाजूंना पाय टाकून बस. लोक हसतात, हसू दे. मांडीवर मूल घेऊन बसू नकोस म्हणावं, धरायला हात राहत नाही. आणि वडलांना सांगा, रस्त्याकडं बघा. मी बघितलं नाही. समोर गतिरोधक होता. पांढरेशुभ्र पट्टे होते त्याच्यावर. आंधळ्याला दिसावेत असे. मला दिसले नाहीत, कारण माझं लक्ष नव्हतं. लग्नाला वेळेवर पोचायचं, एवढंच डोक्यात. माझ्या बायकोला मी मारलं. माझी मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे. तिचं लग्न झालं, मला बोलावणं नव्हतं. बरोबर आहे तिचं.”

पुढच्या रांगेत पाचवीच्या मुली रडत होत्या. जाधव सर डोळे पुसत होते. मी व्यासपीठावर मधोमध बसलो होतो. नंतर आभार मानायला मला उभं केलं. मी म्हणालो, “आभारी आहोत,” आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, सरांना भरून आलं.

ऑफिसात चहा आला. शिपायाला मी बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

“बारटक्के, मला ओळखलंत का?”

“ओळखलं की. दारातच ओळखलं. खडकतळ्याचे नलवडे. म्हटलं, तुम्हाला सगळ्यांसमोर त्या दिवसाची आठवण कशाला करून द्या.” ते हसले. “मुख्याध्यापक झालात. बरं वाटलं.”

“पट्टे नव्हते,” मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला.

“त्या सकाळी पट्टे नव्हते. तुम्हाला दिसले नाहीत, कारण ते नव्हतेच. तो गतिरोधक मी घातला होता. रंग माझ्या घरात पडून होता, उद्घाटनासाठी ठेवला होता. तुमची बायको गेल्याचा फोन आल्यावर मी पट्टे मारले. वर माती टाकली, ट्रॅक्टर नेला. पोलिसांशी खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. तुमची काही चूक नव्हती.” मी पुन्हा म्हणालो. “काही म्हणजे काही चूक नव्हती, बारटक्के.”

मला वाटलं, ते माझी गचांडी धरतील. धरावी, असं फार वाटत होतं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि माझ्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

“सर, भाषणानंतर असं होतं,” ते हळू म्हणाले. “पुष्कळ जण येतात, सांगतात, काका, तुमची चूक नव्हती. एक डॉक्टर म्हणाले, तिला आधीच चक्कर आली असेल. एक बाई म्हणाल्या, मूल हललं असेल. चांगली असतात माणसं, बघवत नाही त्यांना. पण असं नका करू.”

“अहो, मी मन राखायला बोलत नाही! खरं सांगतोय! मीच केलं ते!”

“माझ्यासाठी स्वतःवर घेताय.” त्यांनी मान हलवली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या आवरणातला एक कागद काढला, घड्यांवर विरलेला. पंचनाम्याची नक्कल. “हे बघा. ‘ठळक पांढरे पट्टे.’ खाली तुमची सही.”

माझीच सही. वळणदार.

“सही खोटी आहे. म्हणजे माझीच आहे, पण खोट्यावर केली आहे. गावात विचारा. कुणालाही विचारा!”

“विचारलं होतं ना. त्या दिवशी तुमच्या घरून निघालो, एसटीला वेळ होता. सात घरांत गेलो. हॉटेलात विचारलं, सरपंचांना विचारलं, ट्रॅक्टरवाला एक होता त्याला विचारलं. सगळे म्हणाले, होते.” ते माझ्याकडं अगदी मायेनं बघत होते. “अख्खं गाव खोटं बोलेल का, सर? आणि कशासाठी? माझ्याशी कुणाचं काय वैर होतं?”

सोपाननाना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आई नव्हती. बाळू आता स्वतःच सरपंच होता.

“मी लेखी देतो,” मी म्हणालो. “आत्ता देतो. शाळेच्या कागदावर, शिक्क्यानिशी. तुमच्या मुलीला पाठवतो. तिचा पत्ता द्या.”

मुलीचं नाव निघाल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. हात त्यांनी काढून घेतला. पहिल्यांदाच आवाज जरा कडक झाला.

“तिला मधे आणू नका. बापानं गुन्हा केला आणि कबूल केला, एवढंच काय ते तिच्याकडं माझं चांगलं आहे. आता एकवीस वर्षांनी कुणाकडून तरी कागद लिहून आणला, असं वाटेल तिला. ते सुद्धा घालवू नका माझं.”

बाहेर शाळेची घंटा झाली. साडेबाराच्या एसटीची वेळ झाली होती. ते एसटीनंच फिरायचे; मोटारसायकल त्यांनी पुन्हा कधी चालवली नव्हती, की कुणाच्या मागंही ते बसले नव्हते, हे जाधव सरांनी मला सांगितलं होतं. ते उठले, दोन्ही हेल्मेटं पिशवीत नीट ठेवली, कागद घडी करून ठेवला. मी दार अडवून उभा होतो. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, रडणाऱ्या मुलाला थोपटावं तसं.

“त्या दिवशी तुम्ही तोंडावर खरं बोललात, म्हणून मी तुम्हाला मानतो,” ते म्हणाले. “आज माझ्यासाठी खोटं बोलू नका, सर. मुलांत असता तुम्ही.”